वायपरची किरकिर : पुसून भागतं की बदलूनच टाकायचा?

डेक्कन_कॉर्नर
नमस्कार मंडळी,
गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, चार पावसाळे झालेली. सोसायटीत उघड्यावर उभी असते, डोक्यावर आंब्याचं झाड. जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि तीन तक्रारी एकदम सुरू झाल्या.

उजवा वायपर वर जाताना गप्प असतो, खाली येताना मात्र थडथडत येतो. नेमका डोळ्यांसमोर बोटभर पट्टा पुसायचा राहतो. आणि रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांचा उजेड काचभर फासला जातो. वायपर फिरवला की आणखीच.

सर्व्हिस सेंटरवाल्याने रबराकडे न बघताच "दोन्ही ब्लेड बदला, जमलं तर आर्मपण" (ब्लेड धरणारा दांडा) असं सांगून आकडा टाकला. आकडा ऐकून मी "बघतो" म्हणालो आणि निघालो.

तर प्रश्न असा की वायपर नीट साफ केला तर खरंच फरक पडतो का, की नुसतं मनाचं समाधान? साफ कशाने करायचं? आणि पूर्वी नुसतं रबर बदलून मिळायचं, ते अजून मिळतं का?

टवाळखोर
एका रबरावर चार पावसाळे? आजकाल लग्नंही इतकी टिकत नाहीत. बदला. (हलके घ्या.)

घाटवाट
आधी ब्लेडला शिव्या घालू नका, काचेकडे बघा. तुमची तिसरी तक्रार रबराची नाहीच. ट्रक-बसच्या मागे मागे चालून काचेवर तेलकट काजळी बसते. त्यात सोसायटीतला गाडी पुसणारा एकाच फडक्याने बॉनेट, दारं आणि काच पुसतो, म्हणजे बॉनेटवरचं पॉलिशही काचेवर आलं. हा थर कोरड्यात दिसत नाही. ओल्यात समोरून दिवे आले की दिसतो.

काच धुऊन वाळवा आणि पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून तिच्यावरून बोटं फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारी काच पिशवीतून खरखरीत लागते. मग तिच्यावर पाणी ओता. पाणी सपाट पसरून खाली उतरलं तर काच स्वच्छ. काही ठिकाणी मणी झाले नि काही ठिकाणी पसरलं तर मेण किंवा तेल आहे. वायपर अशाच धेडगुजरी काचेवर थडथडतो.

मी आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून फडक्यावर घेतो आणि काच पुसतो. थेट काचेवर ओतायचं नाही, ओघळ रंगावर जातात. खरखर तरीही राहिली तर डिटेलिंगवाल्यांची (गाडी बारकाईने साफ करून देणाऱ्यांची) क्ले म्हणजे मातीसारखी मऊ वडी मिळते, ती साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायची.

माईसाहेब
@घाटवाट, घरात २०२० पासूनच्या सॅनिटायझरच्या बाटल्या पडून आहेत. त्या चालतील का?

घाटवाट
पाण्यासारखा पातळ असेल तर एका कोपऱ्यात करून बघा. जेलवाला नको. त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं आणि काच जास्तच चिकट होते.

रबरमंत्री
भोसरीत रबराच्या सुट्या भागांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

वायपरचं रबर साच्यातून जोडीने निघतं, दोन पट्ट्या धारेला धार चिकटलेल्या. मग ती जोडी मधोमध कापतात. कापल्यावर जी करकरीत काटकोनी कड मिळते, काच पुसते ती तेवढी कड. बाकीचं सगळं तिला नीट टेकवण्यासाठी. ओठाच्या, म्हणजे ही कड असलेल्या पट्टीच्या, वरची मान मुद्दाम बारीक ठेवतात, कारण वायपरने दिशा बदलली की ओठ दुसऱ्या अंगाला पलटला पाहिजे. तो कायम मागे ओढला जायला हवा, पुढे ढकलला जाऊन चालत नाही.

आता गाडी ऑक्टोबर ते मे उन्हात. वायपर एकाच जागी, ओठ एका कुशीवर मुडपलेला. वरून ऊन, खालून तापलेली काच, हवेतला ओझोन. नैसर्गिक रबराला यातलं काहीच मानवत नाही. मान त्याच वळणावर कडक होते आणि ओठ पलटायचं सोडतो. मग एका दिशेला तो ओढला जातो आणि दुसऱ्या दिशेला ढकलला जाऊन उड्या मारतो. डेक्कन, तुमची पहिली तक्रार बहुधा हीच. वायपर उचला आणि टोकाकडून एका डोळ्याने बघा. ओठ मध्ये उभा आहे की झोपलेला?

पुसण्याबद्दल. कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब, त्यात भिजवलेलं मऊ सुती फडकं. रबर चिमटीत धरायचं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ ओढायचं. फडकं काळं होणार. दोन-तीनदा ओढलं की थांबा. बऱ्याच रबरांवर ग्राफाइटचा लेप असतो, त्याने रबर काचेवर सुळकन सरकतं. फडकं पांढरं निघेपर्यंत घासत बसलात तर मळ संपून ग्राफाइट निघायला लागतं.

आणि कृपा करून पॉलिश पेपर मारू नका. व्हिडिओंमध्ये दाखवतात, मला माहीत आहे. नवी धार निघाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात काटकोन गोल होतो. गोल कड पाणी कापत नाही, त्यावरून घसरते.

टवाळखोर
मंत्रिमहोदय, रबराला मान, ओठ, कूस सगळं आहे. पत्रिका पण बघून ठेवा.

अण्णा_हातकणंगले
आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीची काळी भुकटी रोज गाडीवर. त्यात कुणी फड पेटवला की मग बघायलाच नको. वायपर मारला की काळं सारवण. मी गेली कित्येक वर्षं रॉकेलचा बोळा मारतोय रबराला. चकाचक निघतंय. काय झालं नाय बघा.

रबरमंत्री
@अण्णा, चकाचक निघतं कारण रॉकेल मळाबरोबर रबराचा वरचा थरही मऊ करतं. नैसर्गिक रबर रॉकेल, डिझेल, पेट्रोल पितं आणि फुगतं. पटत नसेल तर जुन्या रबराचे दोन तुकडे कापा, एक रात्रभर रॉकेलच्या वाटीत ठेवा आणि सकाळी दोन्ही शेजारी ठेवून बघा. ती राखसुद्धा कोरडी असताना वायपर कधीच चालवायचा नाही. आधी बादलीभर पाणी, मग वायपर. बारीक कण ओठाखाली अडकले की रबर आणि काच दोन्ही जातात.

लालपरी_प्रेमी
थोडं अवांतर. वडील एसटीत चालक होते, महाड आगार. तेव्हाच्या कित्येक गाड्यांना वायपर चालकापुरताच, तोही लहरी. वरंधा घाटात रात्री पावसात तो बंद पडला तर काय करायचं? खिशात तंबाखूची पुडी असायचीच. गाडी कडेला घ्यायची, ओल्या काचेवर चिमूटभर तंबाखू तळहाताने चोळायची आणि निघायचं. पाण्याचे थेंब धरत नाहीत, पातळ पडदा होऊन खाली वाहतं. समोरचं थोडं लहरतं, पण दिसतं. तंबाखू नसेल तर डब्यातला कच्चा बटाटा कापून घासायचे म्हणे. बटाट्याची आम्हाला खातरी नाही, तंबाखूचा प्रयोग डोळ्यांनी पाहिलाय.

माईसाहेब
बटाट्याचं खरं आहे. आमचे हे स्कूटरच्या काळात चष्म्याला लावायचे. त्यातला स्टार्च काचेवर बसतो आणि पाणी पसरतं. फार वेळ टिकत नाही एवढंच.

घाटवाट
आणि ही भानगड बाजारातल्या पाणी-पळव्या लेपाच्या बरोबर उलटी आहे, हे लक्षात घ्या. तंबाखूने पाणी पसरतं, लेपाने पाण्याचे मणी होऊन वाऱ्याने उडतात. लेप एक्सप्रेसवेवर झकास, सिग्नलला थांबत थांबत जाणाऱ्या गावात फारसा कामाचा नाही, मणी तिथेच बसून राहतात. अर्धवट झिजलेल्या लेपावर तर चांगला वायपरही नाचतो.

सावंतवाडीकर
आंबोलीच्या पायथ्याशी राहतो. वर आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा वायपर हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय.

आमची लाल माती सुकली की काचेवर पावडरीसारखी बसते, ती धुऊन जाते. खरा ताप झाडाचा. @डेक्कन, आंब्याखाली गाडी लावताय म्हणालात ना? मोहोराच्या दिवसांत तुडतुडे झाले की त्यांचा गोड चिकटा खाली पडतो. पानं चकाकतात, गाडीपण चकाकते. त्याच्यावर धूळ बसली की काचेला कवच. वायपर त्या कवचावरून ओढला की रबराच्या धारेला तेवढ्याच जागी खाच पडते. तुमचा बोटभर पट्टा तसा आला असेल. काचेवर ओला टॉवेल अर्धा तास पसरून ठेवा, चिकटा पाण्यात विरघळतो. नखाने खरवडू नका.

दुसरं, बॉनेट उघडून काचेच्या तळाची जाळी बघा. आंब्याची वाळकी पानं नि मोहोर तिथे साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाळ्यात ते पाणी ब्लोअरमधून आत येतं. गाडीत कुबट वास सुटला की लोक परफ्यूम लावतात.

चाकण_ते_चिखली
बोअरचं पाणी असलेल्यांनी अजून एक बघा. पांढरे ठिपके. वॉशरच्या (काचेवर पाणी उडवणाऱ्या फवाऱ्याच्या) टाकीत तेच पाणी घातलं की नोझल, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, बुजतं, काचेवर क्षार जमतात आणि रबर त्यावर झिजतं. पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून फडक्याने लावा, पाच मिनिटांत धुऊन टाका. सावलीत करा. आणि आरओचं टाकाऊ पाणी वाया जायला नको म्हणून त्याने गाडी धुणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. सगळे क्षार त्याच पाण्यात असतात हो! फरशीला वापरा, काचेला नको.

टूरवाला_सचिन७
टाकीत कपड्याची पावडर टाकू नका कुणी. फेस होतो, तळाशी गाळ बसतो, पंप जातो. वॉशरचं पाणी संपलेलं असताना बटण दाबून धरलं तरी पंप जातो. नोझल बुजलं तर बारीक टाचणी घालायची, तिनेच फवाऱ्याची दिशा पण थोडी फिरते. फवारा काचेच्या मध्यावर पडला पाहिजे, टपावरून मागच्या दुचाकीवाल्यावर नाही.

आमच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला पासिंगच्या वेळी वायपर चालवून दाखवावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ वायपरचाच आहे. खाजगी गाडीवाल्यांना कुणी विचारत नाही म्हणून पाऊस आल्यावर जाग येते.

नवीसभासद_मृदुला
माझाही प्रश्न इथेच विचारते. वायपर नवे आहेत, तरी पावसात काच पांढरी होते आणि वायपर फिरवूनही जात नाही. ब्लेड खराब निघाले का?

घाटवाट
बोटाने आतून रेघ ओढून बघा. रेघ उमटली तर वाफ आतली, वायपर जन्मात ती पुसू शकत नाही. एसी लावा, हवा काचेकडे वळवा आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करा. ओले पायपुसणे, ओली छत्री आत असेल तर वाफ पुन्हा पुन्हा धरते. रेघ बाहेरून उमटली तर उलट, एसीने काच फार थंड झालीय. एसीचं तापमान वाढवा, झोत काचेवरून काढा आणि वायपर मारा.

नवीसभासद_मृदुला
आतलीच होती! धन्यवाद. दुकानदार तिसरा सेट विकायच्या तयारीत होता.

कट्टर_कर्वेनगर
उन्हात वायपर उभे करून ठेवावेत की नाही? आमच्या पार्किंगमध्ये यावरून दोन तट आहेत.

टूरवाला_सचिन७
ठेवावेत. म्हणजे तापलेल्या काचेवर रबर भाजत नाही.

रबरमंत्री
ठेवू नयेत. आर्मच्या मुळाशी स्प्रिंग असते, ती तासन्‌तास ताणलेली राहते. तिचा दाब कमी झाला की वेगात वायपर काचेवरून उचलला जातो. शिवाय उभा वायपर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना आमंत्रण. काचेवर आतून सनशेड लावून फार काही होत नाही, बाहेरून वायपरसकट झाकणारं कापड टाका.

टूरवाला_सचिन७
माझ्या आर्मची स्प्रिंग गाडी दोन लाख किलोमीटर चालून शाबूत आहे. तुमचं पुस्तक, माझी गाडी.

रबरमंत्री
चालेल. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य असेल. ब्लेड काढलेला असताना आर्म कधीच मोकळा सोडू नका. ब्लेडशिवायचा तो लोखंडी हूक स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटतो आणि एका फटक्यात तडा जातो. खाली जाड टॉवेल ठेवा. काही गाड्यांचे वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात, ते तसेच उचलले तर बॉनेटला आदळतात. स्कोडा, फोक्सवागनच्या बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्याबरोबर वायपरची कांडी दाबली की वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. पुस्तिका बघा.

टूरवाला_सचिन७
हे १०० टक्के मान्य.

मिनेसोटाची_मावशी
आमच्याकडे वायपर उभे करण्यावर वाद नाही. बर्फ पडणार असं कळलं की अख्खी गल्ली वायपर वर करून ठेवते, नाहीतर सकाळी रबर काचेला गोठून बसतं आणि चालवायला गेलं की धार फाटते किंवा मोटर जाते. वॉशरमध्ये पाणी घालायची तर सोयच नाही, मिथेनॉलवालं निळं द्रव घालतो, उणे वीस फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं. आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढरा थर काचेवर येतो, त्यामुळे ते द्रव पाण्यासारखं उडवलं जातं. गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करायची सवय मात्र सगळीकडेच बरी.

क्विझमास्तर
बर्फावरून आठवलं. वायपरचं पेटंट १९०३ सालचं, अलाबामातल्या मेरी अँडरसन या बाईंचं. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक बर्फात काच उघडून बाहेर बघत गाडी हाकत होता, ते बघून सुचलेलं. आतून दांडा फिरवायचा, बाहेर काच पुसली जायची. एका कंपनीने त्यात पैसा दिसत नाही म्हणून नकार दिला आणि पुढे पेटंटची मुदतही संपली. बाईंना दमडी मिळाली नाही.

थांबून थांबून चालणाऱ्या वायपरवाल्या रॉबर्ट कर्न्सनी मात्र सूड उगवला. लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच डोळ्यात लागून एक डोळा जवळपास गेला. पुढे पापण्यांच्या उघडझापीवरून ही कल्पना सुचली. फोर्डवर खटला भरला आणि १९९० मध्ये एक कोटी दोन लाख डॉलर घेतले.

टवाळखोर
मास्तर, धागा किरकिरीचा आहे, पेटंटचा नाही.

माईसाहेब
राहू दे रे, छान माहिती आहे. आमच्या रिक्षावाल्या काकांचा वायपर अजून मेरीबाईंच्याच जमान्यातला आहे, हाताने फिरवायचा.

डेक्कन_कॉर्नर
मंडळी, प्रतिसाद वाचून रविवारी कामाला लागलो. ओला टॉवेल, मग अल्कोहोल, मग पिशवीची चाचणी. काचेचा खालचा निम्मा भाग सँडपेपरसारखा लागत होता! क्ले फिरवल्यावर गेलं. रात्री सिंहगड रोडला मुद्दाम चक्कर मारली, दिव्यांचा फासलेला उजेड जवळजवळ गायब.

रबर पुसल्यावर पट्टा बारीक झाला पण गेला नाही. धारेला नखाएवढी खाच आहे, सावंतवाडीकरांनी सांगितली तशी. थडथडही कायम आहे. ओठ बघितला, डावीकडे झोपलेला दिसतो. डाव्या वायपरचा मात्र सरळ उभा आहे, तो गप्पही आहे.

रबरमंत्री
मग उजव्याचं रबर गेलं. खाच पुसून भरत नाही. नवीन रबर टाकून आठवडाभर चालवा. तरीही एकाच दिशेला थडथडला तर आर्म किंचित पिळलेला आहे. ब्लेड काचेवर काटकोनात टेकायला हवा. गॅरेजवाला पान्याने धरून आर्म थोडा पिळून देतो, नवा आर्म घ्यायची गरज नाही.

चाकण_ते_चिखली
नुसतं रबर मिळतं. जुन्या बाजारातल्या स्पेअर पार्टवाल्याकडे जा, अॅक्सेसरीच्या चकचकीत दुकानात "आता येत नाही" असंच ऐकाल. जाताना जुना ब्लेड हातात घेऊन जा. रबराच्या वरच्या पट्टीची रुंदी सहा मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. लांब मिळालं तर कापता येतं, रुंद मिळालं तर खोबणीत बसत नाही. जुन्या रबराच्या दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या असतात त्या फेकू नका, नव्यात घालायच्या असतात. त्यांचा बाक कुठल्या बाजूला आहे ते काढण्याआधीच फोटो काढून ठेवा. सांगाड्याचे सांधे गंजून आवळले असतील तर मात्र पूर्ण ब्लेडच घ्या, त्यात नवं रबर घालून उपयोग नाही. सगळ्या लांबीवर दाब सारखा पडत नाही.

अण्णा_हातकणंगले
ते रबराचे तुकडे ठेवले होते वाटीत. रॉकेलमधला फुगलाय हो, चांगलाच लांब झालाय. मंत्री जिंकले. रॉकेल बंद. आता उरलेल्या रॉकेलचं काय करू?

टवाळखोर
अण्णा, ते जपून ठेवा, दुर्मिळ वस्तू आहे.

कट्टर_कर्वेनगर
मागच्या वायपरबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मागच्या काचेवर अर्धगोल ओरखडा उठलाय, रबर टोकाला सुटून लोंबत होतं. काच पॉलिश करून जातो का?

घाटवाट
नख अडकत नसेल तर सिरियम ऑक्साईडने डिटेलिंगवाला घालवू शकतो. नख अडकत असेल तर नको. तेवढी काच घासली की तिथे खळगा होतो आणि मागचं वेडंवाकडं दिसतं. रबर बदलेपर्यंत मागचा वायपर चालवूच नका. ऑटोवर असेल तर तेही बघा. पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स गिअर टाकला की काही गाड्यांत मागचा आपोआप फिरतो.

कट्टर_कर्वेनगर
आमचा फिरतो! तरीच रोज पार्किंगमध्ये खर्रर्र होतं. संध्याकाळी आर्मच काढून ठेवतो, नटावर झाकण दाबून.